म्हैसूरहून वागळे इस्टेटला

रविवारी पहाटे साडेपाचला कल्याणच्या मुरबाड रोडला उभं राहावं. शहाडच्या पुलावरून एकामागून एक मोटारसायकली येत असतात. कुठे पाच-सहा जणांचा घोळका, कुठे एकटाच गडी, कुठे मागच्या सीटवर झोप न उतरलेली बायको. म्हारळ, वरप, कांबा, रायता, गोवेली अशी गावं मागे पडतात, मग मुरबाड, टोकावडे आणि पुढे माळशेजचा घाट. घाटात पोचून करायचं फारसं काही नसतं. भजी खायची, दरीकडे पाठ करून गाडीचा फोटो काढायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं. माझ्या वडिलांना या हिशेबाचं नवल वाटायचं. त्यांच्या पिढीत मोटारसायकल घेतली जायची ती अंबरनाथच्या कारखान्यात वेळेवर हजेरी लागावी म्हणून. पेट्रोल जाळून कुठेच न पोचणं ही त्यांच्या लेखी निव्वळ उधळपट्टी होती.

गेल्या काही वर्षांत या परतीच्या वाटेला नवा थांबा आला आहे. पूर्वी घोळके मुरबाड नाक्यावर कटिंग पिऊन पांगायचे, नाहीतर थेट ठाण्यात मामलेदारच्या मिसळीसमोर रांग लावायचे. आता त्यातले बरेच जण कॉफी प्यायला जातात, आणि तीही अशा दुकानात जिथे कॉफी तिथेच भाजली जाते आणि भिंतीवर गाड्यांचे सुटे भाग लटकलेले असतात. माझा भाचा त्यातलाच. ‘मावशी, एकदा चल, मग बोल,’ असं त्याने इतक्या वेळा म्हटलं की जानेवारीतल्या एका रविवारी मी हो म्हणाले. मी चहावाली. कॉफीशी माझं वैर नाही, पण एका कपाला अडीचशे रुपये द्यायचे तर मला तिची कुळकथा आधी ऐकायची असते.

जाण्याची सुरुवात कल्याणपासून झाली, कारण गाडी तिथे होती. माझ्या वडिलांची येझदी रोडकिंग. ते गेल्यावर ती जिन्याखाली गोणपाट पांघरून पडली होती. भाच्याने ती बाहेर काढली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला एका अरुंद गल्लीत गॅरेज असलेल्या मिस्त्रींच्या स्वाधीन केली. मिस्त्री सत्तरीचे. त्यांच्याकडे येझदी, जावा, राजदूत आणि जुन्या बुलेट एवढंच काम येतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ते हात लावत नाहीत. ‘त्या गाडीला डॉक्टर लागतो, लॅपटॉपवाला,’ म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुरू होती आणि गल्लीभर निळसर धूर होता. टू-स्ट्रोकचा वास, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळाल्याचा, माझ्या नाकात गेला आणि मला अकारण शाळेला उशीर झाल्यासारखं वाटलं. दोन्ही सायलेन्सर त्यांनी विस्तवात घालून साफ केले होते. आत साचलेला काळा कार्बन जाळून झडतो, त्याशिवाय इंजिन श्वास घेत नाही. आता ते आवाज तपासत होते. एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक क्रँककेसला टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मग टोक जरा वर सरकवलं, सिलिंडरपाशी. भाचा परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असावा तसा उभा.

‘बिग एंड ठीक हाय, बेटा. पिस्टन वाजतो थोडा. चालंल अजून. पळवू नको.’

एवढंच निदान. मग माझ्याकडे वळून, ‘बहनजी, किक मारता येते का?’ मी मान हलवली. येझदीला किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो. डाव्या पायाशी असलेला तो दांडा आत दाबून उभा केला की किक होते, मारून झाल्यावर पुढे पाडला की गिअर. जगात फार थोड्या गाड्यांना अशी सोय आहे. मला ती पाहून पाहून पाठ होती, पायाने कधी केली नव्हती. वडिलांनी ती गाडी आम्हा बहिणींच्या हाती दिली नाही. आमच्यासाठी लुना घेतली गेली. तिचं पुढे सांगते.

कल्याणहून पत्रीपुलावरून निघालो. शंभर वर्षं झालेला जुना पूल 2018 साली पाडला, नवा 2021 मध्ये सुरू झाला, आणि मधल्या काळात कल्याण-डोंबिवलीकरांच्या आयुष्यातून किती तास वाहतुकीत गेले याचा हिशेब कुठल्याच पालिकेने ठेवलेला नाही. डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळ आम्ही पहिला थांबा घेतला. तो माझ्या हट्टाने. नव्या कॉफीकडे जाण्याआधी जुनी कॉफी प्यायची होती.

हॉटेल उडुपी पद्धतीचं. काउंटरवरचे अण्णा कुंदापूरचे, गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं तमीळ आणि मल्याळी. मुंबईत माटुंग्याला म्हैसूर कॅफे 1936 साली निघालं, रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 साली. दक्षिणेकडून आलेली ही हॉटेलं मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने सायन, चेंबूर, मुलुंड, ठाणे करत डोंबिवलीपर्यंत पोचली. त्यांच्याबरोबर पितळेचं कॉफी फिल्टर आलं, चिकोरी घातलेली पूड आली आणि दूध उंचावरून ओतण्याची लकब आली. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. ते कॉफीला रंग आणि दाटपणा देतं, शिवाय पूड स्वस्त पडते. शुद्ध कॉफीवाले चिकोरीला नाकं मुरडतात. मला ती नाकं पटत नाहीत. अण्णांची तीस रुपयांची कॉफी कडक, गोड आणि गरम होती, आणि तिला आपल्याबद्दल काहीही सांगायचं नव्हतं.

बाहेर येझदीभोवती दोन म्हातारे उभे होते. अशा गाडीला लोक आपसूक चिकटतात. एकाने टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘म्हैसूर मेक.’ तिथे माझ्या डोक्यात दिवा लागला. आत मी जी प्यायले ती म्हैसूरकडची, बाहेर उभी आहे तीही म्हैसूरचीच. आयडियल जावाचा कारखाना म्हैसूरच्या यादवगिरी भागात होता. इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून 1961 मध्ये तिथे गाड्या बांधायला सुरुवात केली. 1973 पासून त्या येझदी नावाने निघू लागल्या, 1978 मध्ये रोडकिंग आली. त्या कारखान्यापासून कोडगूचे मळे दोन-अडीच तासांवर आहेत, आणि चिकमगळूरचे त्याहून थोडे लांब. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी फकिराने मोखाहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे. कथा खरी असो-नसो, डोंगराला त्यांचं नाव आहे. म्हणजे कॉफी आणि मोटारसायकल या दोन्ही गोष्टी आमच्या डोंबिवलीत एकाच मुलखातून, साधारण एकाच काळात उतरल्या. कारकुनांनी आणि फिटरांनी दोन्ही आपल्याशा केल्या. त्यांची सांगड घालायला पुढे कुणी इंग्लंड-अमेरिकेहून यायची गरज नव्हती. फक्त तेव्हा कुणाच्या ती लक्षात आली नाही.

डोंबिवली पश्चिमेहून आता ठाण्याला नवा रस्ता आहे. मोटागाव ते माणकोली पूल 2024 मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याआधी शिळफाट्याला वळसा घालून, मुंब्रा बायपासच्या ट्रकांशी अंग घासत जावं लागायचं. आता उल्हास नदीची खाडी ओलांडली की थेट नाशिक महामार्ग. पुलाच्या मध्यावर वारा एकदम अंगावर येतो. खाली खारफुटी, चिखलात रुतलेली एक होडी, पलीकडे भिवंडीची गोदामं. रोडकिंगचा आवाज इथे मोकळा झाला. दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच, त्यामुळे आवाजात एक पोकळ टणत्कार असतो. बुलेट जमिनीतून बोलते, येझदी वरच्या पट्टीत. मिस्त्रींनी बजावूनही भाच्याने मूठ पिळली आणि मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

महामार्ग माजिवड्याला ठाण्यात शिरतो. पुढचे चौक ठाणेकरांच्या जिभेवर कारखान्यांच्या नावाने बसले आहेत: कॅडबरी, नितीन कंपनी. एके काळी कॅडबरीपाशी बसमध्ये चॉकलेटचा वास शिरायचा आणि लहान पोरं खिडक्यांकडे सरकायची. वागळे इस्टेट त्याच काळातली. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिने हाती घेतलेली पहिली औद्योगिक वसाहत ही. लेथ, प्रेस, औषधं, छपाई, वाहनांचे सुटे भाग. आज निम्म्या जागी काचेच्या इमारती आणि कॉल सेंटरं आहेत. उरलेल्या गाळ्यांत अजून रविवारीही कुणीतरी ग्राइंडर चालवतं.

त्यातल्याच एका गल्लीत ते दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनी तशी गळ घातली: ‘ताई, रविवारी आधीच बसायला जागा नसते.’ दाराशी वीसेक गाड्या. एमएच-04 आणि एमएच-05, म्हणजे ठाणे आणि कल्याण, जवळपास सारख्या. आमची रोडकिंग लागली तेव्हा आतली पाच-सहा माणसं कप घेऊन बाहेर आली आणि भाचा दहा मिनिटं आमच्या घरचा राहिला नाही.

आतली सजावट मला अर्धीच आवडली. दातेरी चक्राचं घड्याळ, स्पार्क प्लगचे कीचेन, हेल्मेटमधला दिवा या गोष्टी आता अशा प्रत्येक दुकानात असतात आणि एकाच कारखान्यातून येत असाव्यात असा संशय येतो. पण एका टेबलावर उभं चिरलेलं बुलेटचं इंजिन होतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, पुशरॉड, सगळं उघडं. बाजूला एक हँडल. फिरवलं की पिस्टन वर-खाली होतो आणि व्हॉल्व्ह आपापल्या वेळी उघडतात. सात-आठ वर्षांची एक मुलगी ते फिरवत होती आणि तिचे वडील कॉफी गार करत तिला चार स्ट्रोक समजावत होते. मीही पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. बुलेट मी आयुष्यभर ऐकली, आत काय चालतं ते त्या दिवशी पाहिलं.

मागच्या अर्ध्या गाळ्यात भट्टी. काचेची भिंत आहे, पण मालकांनी आम्हाला आत बोलावलं. ते स्वतः पूर्वी याच वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांच्या युनिटमध्ये होते. भाजायचं काम मात्र बदलापूरहून लोकलने येणारी एक मुलगी करते, पंचविशीची, हातात वही. यंत्र म्हणजे आडवा लोखंडी ड्रम, खाली गॅसचा जाळ, पुढे गोल थंड करायची परात आणि वर धूर-टरफलं ओढून नेणारी नळी. एका घाण्यात पाच किलो. कोपऱ्यात तागाची पोती. त्यावर मळ्याचं नाव, वाणाचं नाव आणि हंगाम. पोत्यातले दाणे हिरवट-राखाडी, वास ओल्या गवताचा. यात कॉफी आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

त्या पोत्यांवरचं नाव पाहून मी मालकांना सहज विचारलं, हे असं मळ्यामळ्याचं वेगळं पोतं पूर्वीही मिळायचं का? ते हसले. पूर्वी असं पोतं विकणं कायद्यातच बसत नव्हतं. 1942 च्या कॉफी कायद्याने मळेवाल्याला आपलं सगळं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावं लागे. बोर्ड प्रतवारी करून लिलाव करी आणि पैसे हप्त्याहप्त्याने येत. उत्तम दाणा आणि सुमार दाणा एकाच ढिगात गेल्यावर उत्तम पिकवायची हौस कुणाला राहणार? आणि पिणाऱ्यालाही आपण कुणाच्या शेतातलं पितो आहोत हे कळायचा मार्ग नव्हता. 1992 पासून बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 1996 मध्ये मळेवाले पूर्ण मोकळे झाले. आज दिल्लीपासून नागपूरपर्यंत जी भाजणीघरं उभी आहेत, ब्लू टोकाई काय किंवा नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन काय, ती सगळी त्या एका मोकळिकीची लेकरं आहेत.

1996 हे साल ऐकून भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला तो त्याच वर्षी. परवाना-परमिटच्या काळात गाडी नोंदवून वाट बघणारं गिऱ्हाईक आयतं होतं. बाजार खुला झाला तशा दुप्पट मैल देणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम आले आणि टू-स्ट्रोक येझदीला जागा उरली नाही. एकाच वाऱ्याने म्हैसूर मुलखातली एक वस्तू मोकळी झाली आणि दुसरी संपली. पुढे महिंद्रांच्या पाठबळावर क्लासिक लीजंड्स कंपनीने 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावं परत आणली. गाड्या चांगल्या आहेत म्हणतात. किक आणि गिअरचा एकच दांडा मात्र परत आला नाही.

तेवढ्यात मुलीने हात वर करून आम्हाला गप्प केलं. घाणा पडून आठ-नऊ मिनिटं झाली होती. दाणे आधी पिवळे झाले, तेव्हा पावाच्या भट्टीचा वास आला. मग तपकिरी. ड्रमच्या भोकातून ती मधून मधून पळीने चार दाणे बाहेर काढून बघत होती, नाकाशी नेत होती आणि परत आत टाकत होती. समोर संगणकावर तापमानाची रेघ चढत होती, पण आता ती रेघेकडे बघत नव्हती. ड्रमकडे कान करून उभी होती. मग आलाच आवाज. आधी एक, मग दोन, मग मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. दाण्यातली वाफ आतून भिंत फोडते, तो हा पहिला फुटवा. साधारण 196 अंशांच्या आसपास येतो. आणखी तापवत राहिलं तर तेलं वर येतात आणि 220 च्या पुढे दुसरा फुटवा होतो, तो बारीक आणि कोरडा. अण्णांच्या फिल्टर कॉफीचा दाणा त्याच्या जवळपास नेलेला असतो. हिने मात्र पहिला तडतडाट ओसरत आल्यावर दीड मिनिटात झडप उघडली आणि सगळा घाणा परातीत धाडकन उतरवला. पाच किलोचे सव्वाचार झाले होते, उरलेलं वजन पाणी आणि धूर होऊन गेलं.

‘मशीन सांगत नाही का, कधी काढायचं ते?’ मी विचारलं.

‘सांगतं ना. पण सेन्सर थोडा मागे असतो. तापमान कळेपर्यंत दाणा पुढे गेलेला असतो. आवाज त्याच क्षणाचा असतो, काकू.’

दुर्गाडीच्या गल्लीतले मिस्त्री आणि ही मुलगी एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटले तर दोघांना बोलायला विषय पुरेल. कॉफी आणि मोटारसायकलच्या जोडणीबद्दल माझ्या मनात जो थोडा उपहास होता तो इथे विरला. बाहेरचं घड्याळ आणि कीचेन नकली असतील, पण या दोन कामांत नातं आहे आणि ते कानाचं आहे. बंद लोखंडाच्या आत काय घडतंय ते बाहेरून ऐकून ओळखायचं, आणि एका क्षणाला हात चालवायचा. ज्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात चकचकीत, बंद, न वाजणाऱ्या उपकरणांपुढे बसायचं आहे, त्यांना रविवारी इथे यावंसं वाटलं तर मी त्यांना हसणार नाही.

नुकती भाजलेली कॉफी प्यायची नसते, हेही तिथे कळलं. दाण्यातला वायू निघून जायला काही दिवस लागतात. म्हणून आम्हाला गेल्या आठवड्याच्या घाण्यातली दिली. वाण एस-795. तो बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आलेला, स्वातंत्र्याच्याही आधीचा, आजही देशातल्या अरेबिकाचा मोठा आधार. पंधरा ग्रॅम पूड, वर कागदी गाळणी, थोडं उकळीखालचं पाणी. आधी चमचाभर ओतून अर्धा मिनिट थांबायचं, पूड फुगून वर येते, मग सावकाश अडीचशे मिलिलिटर. सोबतच्या कार्डावर चव लिहिली होती: संत्र्याची साल, काळा गूळ, फणस. पहिल्या घोटाला मला फक्त आंबट लागलं आणि मी भाच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघू लागला. दूध नाही, साखर नाही, आणि मागायची सोय नाही असं वातावरण. पण कप निवत गेला तसं आंबटपण मागे सरलं आणि सालीचा कडसर वास खरोखर वर आला. गूळही, ओढूनताणून. फणस मला शेवटपर्यंत भेटला नाही. अण्णांच्या कॉफीने मला जागं केलं होतं. हिने थांबायला लावलं. दोन्हींची बरोबरी करू नये, आणि दुसरीसाठी पहिलीला अडाणी तर मुळीच म्हणू नये.

कपाबरोबर भिंतीही बघून झाल्या, आणि तिथे मात्र मी मालकांशी भांडले. सगळ्यात मोठी चौकट होती लंडनच्या एस कॅफेची. हे हॉटेल 1938 साली नॉर्थ सर्क्युलर रोडवर ट्रकवाल्यांसाठी निघालं, युद्धात बॉम्बने पडलं, 1949 मध्ये पुन्हा बांधलं. पन्नास-साठच्या दशकात चामडी जाकिटातली पोरं तिथे जमत. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं संपायच्या आत ठरलेल्या चौकाला वळसा घालून यायचं अशी शर्यत लावत, निदान तसं सांगतात. हँडल खाली केलेल्या त्यांच्या गाड्यांना कॅफे रेसर नाव पडलं. 1969 मध्ये ते बंद झालं आणि 2001 मध्ये पुन्हा उघडलं. छान गोष्ट आहे. पण तिथली पोरं बहुतेक चहा पीत, आणि तो इतिहास दुसऱ्यांचा आहे. शेजारी इटलीचं 1961 चं फेमा कंपनीचं एस्प्रेसो यंत्र, पंपाने नऊ बारचा दाब देणारं. 1961! मी म्हटलं, त्याच वर्षी म्हैसूरहून पहिली जावा निघाली, तिचा फोटो कुठे आहे? बाळेहोन्नूर कुठे आहे? 1955 मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, ती कुठे आहे? आणि बाई कुठे आहे? सगळ्या फोटोंत एकच बाई होती, मागच्या सीटवर.

मालकांनी मान्य केलं. उर्वशी पाटोळे यांनी 2011 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘बायकर्नी’ या स्त्री मोटारसायकलस्वारांच्या संघटनेचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या दुकानात महिन्यातल्या एका रविवारी बायकांचा गट येतो, असंही ते म्हणाले. पण मी बुलेट चालवणाऱ्या बायांबद्दल बोलत नव्हते. मी लुनाबद्दल बोलत होते. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये काढलेली, पन्नास सीसीची, पेडल मारून सुरू होणारी लुना. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी येता यायचं. महाराष्ट्रातल्या हजारो बायका तिच्यावरून पहिल्यांदा कुणाच्या मागे न बसता कुठेतरी गेल्या. मी डोंबिवलीत तिच्यावरून पेंढरकर कॉलेजला जायचे. पावसात मानपाडा रोडवर चिखलात ती घसरली की लोक उचलायला धावत, आणि तिचं वजन बघून मलाच आधी उठवत. तिचा आवाज भिकार होता. तरीही घरात बसून आईला कळे की मी कोपऱ्यावर आले, आणि ती चहाचं आधण ठेवी. अशा दुकानात आजवर मी एकही लुना पाहिलेली नाही. तिच्यात चामडी जाकीट घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून असेल.

‘भिंतीवर भारी दिसेल, ताई,’ मालक म्हणाले. ‘पण आणायची कुठून?’

भाच्याने फोन काढला होताच. रोडकिंगच्या हेडलाइटसाठी तो उल्हासनगरच्या ज्या भंगारवाल्याकडे खेटे घालत होता, त्यालाच लावला. दोन मिनिटं ‘हो, हो’ चाललं. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, ‘एक आहे. सहा हजार म्हणतोय. इंजिन जाम आहे, पण पेडल फिरतात.’

‘जाम असलं तरी चालेल,’ मालक म्हणाले. ‘वर टांगायचीय.’

‘टांगणार असाल तर हा सौदा इथेच संपला,’ मी म्हटलं. ‘ती आधी कल्याणला मिस्त्रींकडे जाईल. सुरू झाली की मी चालवत आणीन आणि बाहेर बुलेटच्या रांगेत लावीन.’

मालकांनी भाच्याकडे बघितलं. भाच्याने खांदे उडवले आणि परत फोन कानाला लावला.

‘साडेपाचला देतो म्हणतोय, मावशी. घेऊ?’

‘साडेचार माग,’ मी म्हटलं. ‘आणि विचार, कागदपत्रं आहेत का.’